हिशेबाच्या खात्यातून रातांब्याच्या कलमांकडे

माझी नोकरी वाईट नव्हती, हे आधी सांगते. नवी मुंबईत एका माल वाहतूक कंपनीच्या हिशेब खात्यात मी वीसेक वर्षं काढली. न्हावा शेवा बंदरातून जाणाऱ्या-येणाऱ्या कंटेनरची भाडी, बंदराचे आकार, कस्टम एजंटांची बिलं, हे सगळं एकमेकांशी जुळतंय की नाही ते बघायचं. काम मला चांगलं येत होतं, पगार वेळेवर होता, डोंबिवलीचं घर त्यावरच झालं. पण ज्या मालाचे कागद मी रोज हाताळत होते तो माल मी कधी डोळ्यांनी पाहिला नाही, आणि तो ज्याच्या दारात उतरत होता तो माणूसही नाही. महिनाअखेर झाली की पाटी कोरी, पुन्हा पहिल्यापासून. पंचेचाळिशी उलटल्यावर हे टोचायला लागलं. आपल्या कामाचं दुसरं टोक आपल्याला कधी दिसणारच नाही का, हा प्रश्न सकाळी लोकलमध्ये उभ्याने पडायचा तो ठाण्याला गाडी बदलली तरी सुटायचा नाही.

मग खात्यातलं बरंच काम नव्या सॉफ्टवेअरवर गेलं आणि स्वखुशीने बाहेर पडणाऱ्यांना कंपनीने काही रक्कम देऊ केली. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला, यांची नोकरी चालू, आणि वेंगुर्ले तालुक्यातल्या गावी आई एकटी.

पैशांचं थोडक्यात सांगते, कारण लोक पहिला प्रश्न तोच विचारतात आणि तो रास्तच आहे. निर्णय घेण्याआधी आम्ही दोघांनी बसून हिशेब मांडला. मुलीच्या फीचे पैसे बाजूला काढून ठेवले. ऑफिसचा सामूहिक आरोग्य विमा राजीनाम्याबरोबर संपतो, म्हणून आमचा स्वतंत्र विमा मी नोकरीत असतानाच उतरवला. ग्रॅच्युइटी किती येईल ते काढलं : शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता, त्याला 15 भागिले 26, गुणिले नोकरीची वर्षं. भविष्य निर्वाह निधीबरोबरची 1995 ची पेन्शन योजना आहे, तिच्यात 10 वर्षांची सेवा झालेली असेल तर नोकरी सोडल्याने पेन्शनचा हक्क जात नाही, 58 व्या वर्षी ती सुरू होते. हे पुष्कळांना माहीत नसतं आणि त्या भीतीपोटी माणसं अडकून राहतात. एवढं सगळं मांडल्यावर दिसलं की दोन-अडीच वर्षं माझी कमाई जवळजवळ नसली तरी घर चालेल. ती मुदत धरून मी बाहेर पडले. गावी जाऊन करायचं काय, ते मात्र ठरलेलं नव्हतं.

सांगणारे सगळे एकच सांगत होते : होमस्टे काढ. गावात होमस्टे चालतात, चांगले चालतात, आणि त्यामागचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. पण रोज नव्या पाहुण्याचं आगतस्वागत करणं हा माझा पिंड नाही. वर्षानुवर्षं आकड्यांत रमलेल्या बाईला एका जागी बसून, नीट लक्ष देऊन, शेवटपर्यंत न्यायचं काम हवं होतं.

ते काम समोर आलं कुंपणापाशी. पलीकडच्या काकी आईशी बोलत उभ्या होत्या. डिसेंबर चालू होता, रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, फुलावर होते. काकी म्हणाल्या, "सात वर्सां पानी घातलंय गो, आनी एक रातांबो लागूक नाय." आईने फांदी खाली ओढून फुलांकडे बघितलं आणि लगेच सांगितलं, "नर आसतला तां. तोडून टाक."

मी लहानपणापासून कोकमाची कढी पीत आले, पण या झाडात नर-मादी वेगळी असतात हे इतक्या नीट कधी डोक्यात शिरलं नव्हतं. नराला फुलं घोसात येतात, आत पिवळ्या पुंकेसरांची दाटी असते. मादीला फुलं मोजकी, मध्ये फुगीर बीजकोश. बी लावून वाढवलेल्या रोपांतली साधारण निम्मी नर निघतात. आणि पहिलं फूल येईपर्यंत, म्हणजे सात-आठ वर्षं, कोणतं काय ते बाहेरून कळत नाही. पान तेच, नवी पालवी तशीच लालचुटुक, खोड तसंच सरळ. तोपर्यंत त्या बाईने घागरीने पाणी घातलेलं असतं, गुरांपासून राखलेलं असतं. यावर उपाय एकच, मादी झाडाची काडी घेऊन कलम बांधायचं. मग झाड मादीच होणार हे नक्की, आणि फळही दोनेक वर्षं आधी धरतं.

मी काकींना म्हटलं, कलमच आणून लावू या. आणि शोधायला निघाले तर मिळेना. आंब्याची कलमं हवी तेवढी, काजूची तर गाड्या भरभरून. 1990 मध्ये राज्य सरकारने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली, त्यानंतर सिंधुदुर्गात आंबा-काजूची लागवड झपाट्याने वाढली आणि रोपवाटिकाही त्याच मागणीवर उभ्या राहिल्या. रातांबा कुणी बाग म्हणून लावतच नव्हतं. तो परसातला, वहाळाच्या काठचा, आपोआप रुजलेला. त्याची सोलं म्हणजे वाळवलेल्या साली, आगळ म्हणजे मीठ घातलेला रस, सरबत, हे सगळं घरातल्या बायकांच्या हातचं, त्यामुळे त्याच्या कलमांसाठी कुणी मुद्दाम हटून बसलं नव्हतं. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. हापूसच्या मानांकनाची बातमी पोराटोरांना ठाऊक असते, कोकमाची नसते. याचा मला राग आला, आणि खरं सांगायचं तर त्या रागानेच मला कामाला लावलं.

आधी वेंगुर्ल्याच्या प्रादेशिक फळ संशोधन केंद्रात गेले. हे केंद्र 1957 पासूनचं, आता दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत. काजूच्या 'वेंगुर्ला' जाती इथल्याच. विद्यापीठाने कोकमाचीही 'कोकण अमृता' ही जात 1997 मध्ये दिली आहे आणि मोठ्या फळाची 'कोकण हातीस' नंतर आली. तिथे माहिती मिळाली, पुस्तिका मिळाल्या. पण कलम पुस्तिका वाचून बांधता येत नाही. म्हणून मी जवळच्या एका रोपवाटिकेत रोजावर जायला लागले. पिशव्या भरणाऱ्या बायकांबरोबर बसायचं, माती आणि शेणखत कालवायचं, पिशव्या ठोकून ठोकून भरायच्या, आणि दुपारनंतर कलमं बांधणाऱ्या मुलाच्या शेजारी बसून त्याचे हात बघायचे. तिशीचा मुलगा, मला वयनी म्हणतो. मुंबईच्या ऑफिसातली बाई पिशव्या भरायला येते याचं पहिले काही दिवस सगळ्यांना नवल वाटलं. मग त्यांनीही ते सोडून दिलं.

बांधायचं कसं ते नीट सांगते. बी रुजवून वर्षभर वाढवलेलं रोप घ्यायचं, पेन्सिलीएवढ्या जाडीचं. वरचा शेंडा आडवा कापायचा, खाली थोडी पानं ठेवायची. कापलेल्या जागी मधोमध दीड-दोन इंचांची उभी चीर द्यायची. मादी झाडाची काडी तेवढ्याच जाडीची हवी. आमच्या रोपवाटिकेत काडी काढण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पानं देठ ठेवून छाटतात, म्हणजे देठ आपोआप गळतात आणि डोळा फुगतो. त्या काडीचं खालचं टोक दोन्ही बाजूंनी तासून पाचर करायची. इथे खरी कसोटी. "वयनी, एका कापात होवक व्हया," तो सांगायचा. "परत परत तासलात तर सांधो बसाचो नाय." एका कापातला काप आरशासारखा गुळगुळीत होतो. पुन्हा तासलेल्यावर पायऱ्या पडतात, त्यात हवा राहते, आणि काडी आतून काळी पडत जाते. शिवाय कापताक्षणी रातांब्याला पिवळट चीक सुटतो, म्हणून हात रेंगाळून चालत नाही. पाचर चिरेत बसवायची, निदान एका बाजूने तरी साल सालीला तंतोतंत भिडवायची, आणि प्लास्टिकच्या पट्टीने खालून वर घट्ट गुंडाळायचं. वर लांबट पातळ पिशवीची टोपी. मग शेडनेटखाली सावलीत. आंब्याचं कलम लवकर हालचाल दाखवतं, रातांब्याला महिना-दीड महिना थांबावं लागतं. तेवढ्यात सांध्याच्या खालून मूळ रोपाची फूट येते, ती दिसेल तशी खुडायची, नाहीतर सगळा जोर तिकडे जातो.

अजून एक गोष्ट, जी मला बघायला सगळ्यात जास्त वेळ लागला. रातांब्याला दोन प्रकारच्या फांद्या असतात, सरळ वर जाणाऱ्या आणि आडव्या पसरणाऱ्या. आडव्या फांदीची काडी बांधली तर कलम जगतं, फळंही देतं, पण आयुष्यभर आडवंच पसरत राहतं, झाडासारखं उभं राहत नाही. सरळ वाढायला हवं असेल तर काडी सरळ शेंड्याची हवी, आणि तसे शेंडे झाडावर थोडेच असतात. म्हणून चांगल्या मादी झाडाच्या काड्या कायम अपुऱ्या पडतात. रोपवाटिकेत विकत घेताना हे विचारून घ्या.

पहिल्या हंगामात जगलेली कलमं थोडी आणि सुकलेली फार, पण मी त्यांची नोंद ठेवत होते. कोणत्या झाडाची काडी, कोणत्या दिवशी बांधली, कुणी बांधली, फुटली की सुकली. त्या नोंदी बघून तो मुलगा बराच वेळ गप्प बसला आणि मग त्याने स्वतःच्या कलमांचीही नोंद ठेवायला सांगितलं. माझी जुनी वीस वर्षं त्या दिवशी उपयोगाला आली असं मला वाटलं, आणि त्याचा मला फार आनंद झाला.

कलम बांधता यायला लागल्यावर पुढचा प्रश्न आला : काडी कोणाची? मादी असणं पुरेसं नाही. विद्यापीठाच्या जाती आहेतच, पण आमच्या पंचक्रोशीत परसापरसांत जी झाडं उभी आहेत त्यांतली चांगली कोणती, हे कुठे लिहिलेलं नव्हतं. ते माहीत होतं बायकांना. मे महिन्यात वाडीवाडीत फिरायला लागले तेव्हा मला कळलं की सत्तरीच्या पुढच्या प्रत्येक बाईच्या डोक्यात आपल्या वाडीतल्या रातांब्यांची पक्की यादी आहे. कोणत्या झाडाची साल जाड, कोणत्याचा रस पाणचट, कोणत्याचा रंग काळपट उतरतो, कोणतं एक वर्ष सोडून धरतं.

आणि सगळ्या जणींचा पहिला निकष एकच, कधी पिकतं? रातांबा एप्रिलपासून पिकतो, पण पुष्कळ झाडांचा बहर मेअखेरीला आणि जूनमध्ये येतो. तेव्हा वर ढग असतात. सोलं करायची म्हणजे साली वेगळ्या काढायच्या, मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, कडक उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, अशी चार-पाच पुटं द्यायची. ऊन मिळालं नाही तर बुरशी, आणि झाडाखाली फळांचा लाल चिखल. दरवर्षी कितीतरी रातांबे असे जमिनीवरच जातात. एका आजीने मला हाताला धरून परसामागच्या झाडापाशी नेलं आणि म्हणाली, "ह्याची सोलां मिरगाआधी डब्यात जातत." मला हवं ते सगळं त्या एका वाक्यात होतं. लवकर पिकणारं झाड म्हणजे जून लागायच्या आधी त्या बाईच्या हातात स्वतःचे पैसे. सोलं आणि आगळ विकून आलेले पैसे आमच्याकडे बहुतेक घरांत बाईच्याच हातात राहतात, त्यातून पोरांच्या शाळेचं दप्तर येतं, छत्र्या येतात.

तेव्हापासून मी या झाडांची खतावणी लिहिते. प्रत्येक झाडाला एक पान : कुणाच्या परसात, फुलं कधी, पहिलं फळ कधी पिकलं, सालीची जाडी, सोलांचा उतारा, आणि ज्या बाईने सांगितलं तिचं मत तिच्याच शब्दांत. फुलाच्या वेळी एक फेरी, फळाच्या वेळी दुसरी. या कामाइतकं जीव लावून मी आजवर काही केलेलं नाही.

पहिली काही वर्षं घर कशावर चाललं तेही सांगायला हवं. कलमांवर नाही. आमच्या भागात काजू प्रक्रियेचे छोटे कारखाने पुष्कळ आहेत, त्यांतल्या काहींचे हिशेब आणि जीएसटीची विवरणपत्रं मी संध्याकाळी करून द्यायचे, अजूनही थोडं करते. नवं काम अंगवळणी पडेपर्यंत जुन्या कामाने भाकरी दिली. ज्यांना असा बदल करायचा आहे त्यांनी जुनं कसब टाकून देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. सगळे दोर कापून उडी घेणाऱ्यांच्या गोष्टी ऐकायला बऱ्या वाटतात, पण ज्या घरात मुलीची फी भरायची आहे तिथे तसं करता येत नाही. शिवाय फळझाडांची कलमं विकायची तर रोपवाटिकेचा परवाना लागतो. 1969 चा कायदा आहे, कृषी खात्याकडे अर्ज करायचा, मातृवृक्षांची माहिती द्यायची, नोंदी ठेवायच्या. लोकांना हे कागद जड वाटतात. मला हे काम सोपं गेलं, आणि आता आजूबाजूच्यांचे अर्जही मीच भरून देते.

कमाई आजही मुंबईच्या पगाराच्या जवळपास नाही. हे अजून डोंबिवलीत आहेत, सुट्टी जोडून आली की तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरतात. एकमेकांशिवाय राहण्याची सवय आम्हाला लागलेली नाही आणि ती लागू नये असंच वाटतं. त्यांच्या निवृत्तीपर्यंत हे असंच चालणार. पावसाळ्यात वीज जाते, माणसं मिळत नाहीत, पिशव्यांत गोगलगायी शिरतात. तरीही सकाळी उठल्यावर आज काय आहे हे मला ठाऊक असतं आणि ते कुणासाठी आहे हेही. ज्या काकींचं झाड नर निघालं, त्यांच्या परसात मी बांधलेलं कलम उभं आहे. त्याला पहिल्यांदा फळ धरलं तेव्हा काकींनी हाक मारून मला नेलं नाही, त्या स्वतः ओच्यात रातांबे घेऊन आल्या आणि साल किती जाड आहे ते मला नखाने दाबून दाखवलं. मी कंपनीत असताना उत्कृष्ट कामाची प्रशस्तिपत्रं मिळवली होती. ती कुठे आहेत ते मला आठवत नाही.

नर झाडं सरसकट तोडू नका असंही मी आता सगळ्यांना सांगते. परागासाठी ती लागतात, बागेत दहाएक टक्के नर असावेत अशी शिफारस आहे. परसात एकच झाड असेल आणि ते नर निघालं, तर ते वरून छाटून नव्या धुमाऱ्यांवर मादीची काडी बांधता येते. काही ठिकाणी मी तसं बांधलं आहे. मुळं जुनी, खोलवर गेलेली, त्यामुळे फूट जोमदार येते. पण मूळ नर झाडाचे बाकीचे धुमारे सतत काढत राहावे लागतात, आणि ज्याच्या घरी रोज बघायला माणूस आहे तिथेच हे करावं.

यंदा वाडीतल्या दोघी जणी माझ्याबरोबर बांधायला बसतात. एक अंगणवाडीतून निवृत्त झालेली, दुसरीची मुलं पुण्याला. मी त्यांना आधी झाडं ओळखायला नेते, चाकू नंतर. आमच्या खतावणीत सगळ्यात लवकर पिकणारं झाड आहे ते एका बंद घराच्या मागे. मालक मुंबईला, जमीन विकायचं त्यांच्या मनात आहे. मी त्यांना फोन करून काड्या काढायची परवानगी घेतली. ते झाड उद्या राहील की नाही सांगता येत नाही, म्हणून त्याची कलमं आम्ही तीन वेगवेगळ्या परसांत लावली आहेत. त्यांच्यासाठी मागणी येते आहे, पण ती विकायची नाहीत असं आम्ही तिघींनी ठरवलं आहे. पुढच्या काड्या त्यांच्यावरूनच काढायच्या आहेत.